पश्चात्तापाचे मानसशास्त्र

आपण केलेल्या किंवा करावयाच्या राहिलेल्या एखाद्या कृतीमुळे प्राप्त परिस्थिती वाईट झाली आणि आपण निराळे वागलो असतो, तर ती अधिक चांगली झाली असती, या जाणिवेतून उत्पन्न होणाऱ्या दुःखद भावनेस पश्चात्ताप म्हणतात. या भावनेत दोन घटक एकत्र आलेले असतात. घडलेल्या गोष्टीचे दुःख हा पहिला घटक होय. तो शोक, निराशा, भीती यांसारख्या इतर भावनांतही आढळतो. न घडलेल्या परंतु घडू शकली असती अशा गोष्टीची कल्पना हा दुसरा घटक असून पश्चात्तापाचे वेगळेपण त्यात आहे. वादळात घर पडले, तर माणूस दुःखी होतो. परंतु कुजलेले वासे बदलण्याचे काम आपण दोन वर्षे पुढे ढकलले होते हे त्याला आठवले, की त्या दुःखात पश्चात्ताप मिसळतो. प्रत्यक्षात न घडलेला पर्याय मनात उभा करून त्याच्याशी वास्तवाची तुलना करण्याच्या या मनोव्यापारास ‘प्रतितथ्य विचार’ असे नाव देता येईल. व्यवहारात त्यालाच ‘जर-तर’ म्हणतात.

पश्चात्तापाला जवळच्या दोन भावना त्याच्यापासून वेगळ्या ओळखाव्या लागतात. अपेक्षाभंगात फळ वाईट मिळते, पण त्यात स्वतःच्या निवडीचा भाग नसतो. अपराधभावात आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्याची जाणीव प्रधान असते. पश्चात्ताप मात्र केवळ स्वतःच्या नुकसानीबद्दलही होऊ शकतो. इंग्रजीतील ‘रिग्रेट’ ही संज्ञा या क्षेत्रात सरसकट वापरली जाते. मराठीत तिच्या छटा निरनिराळ्या शब्दांत वाटल्या गेल्या आहेत. पस्तावा बहुधा केलेल्या कृतीचा असतो. चुटपुट आणि रुखरुख लागते ती राहून गेलेल्या, सहसा लहान गोष्टीची: पाहुणा न जेवता गेला, तर गृहिणीला पश्चात्ताप होत नाही, चुटपुट लागते. हळहळ दुसऱ्याच्या दुर्दैवाबद्दलही वाटते. खंत दीर्घकाळ टिकते आणि तिला तीव्रता नसली तरी ती सुटत नाही. अनुताप व पश्चात्ताप या संस्कृत शब्दांना नैतिक अर्थाची जोड आहे. प्रयोगशाळेतील संशोधनाने विसाव्या शतकाच्या अखेरीस जे भेद दाखविले, त्यांतील काही या शब्दांच्या वापरात पूर्वीपासूनच दिसून येतात.

पूर्वपीठिका : भारतीय विचारात या भावनेची दखल फार प्राचीन काळापासून घेतलेली आढळते. तैत्तिरीयोपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत ब्रह्म जाणणाऱ्या पुरुषाचे वर्णन करताना, आपण चांगले का केले नाही आणि वाईट का केले, या दोन प्रश्नांचा ताप त्याला होत नाही, असे म्हटले आहे. न केलेले सत्कर्म आणि केलेले दुष्कर्म यांचा येथे एकत्र पण वेगळा उल्लेख येतो, हे लक्षणीय आहे. बौद्धांच्या अभिधर्म परंपरेत ‘कौकृत्य’ (पाली ‘कुक्कुच्च’) हा एक चित्तधर्म मानला असून, केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गोष्टींविषयीचा मागाहून होणारा ताप हे त्याचे स्वरूप सांगितले आहे. ध्यानाला अडथळा करणाऱ्या पाच नीवरणांत औद्धत्याबरोबर त्याची गणना होते. उलट मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अनुताप हे पापमुक्तीचे एक साधन ठरविले आहे. एकाच भावनेकडे विघ्न म्हणून आणि साधन म्हणून पाहणाऱ्या या दोन दृष्टी आधुनिक मानसशास्त्रातही वेगळ्या परिभाषेत पुन्हा समोरासमोर आलेल्या आहेत. महाभारताच्या शांतिपर्वाच्या आरंभी, कर्ण हा आपला ज्येष्ठ भाऊ होता हे युद्ध संपल्यावर कळलेला युधिष्ठिर जो शोक करतो, त्यातील दुःखाचा मोठा भाग ‘हे आधी कळले असते तर’ या एका विचारावर उभा आहे. कुंतीने ते गुपित राखले म्हणून तो समस्त स्त्रीजातीला शाप देऊन बसतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपैकी स्पिनोझा (१६३२–७७) याने पश्चात्ताप हा सद्‌गुण मानण्यास नकार दिला. पश्चात्ताप करणारा दुहेरी दीन असतो, असे त्याचे मत होते. ब्रिटिश तत्त्ववेत्ते बर्नार्ड विल्यम्स (१९२९–२००३) यांनी १९७६ साली या प्रश्नाला वेगळे वळण दिले. कोणतीही चूक नसताना एखाद्या ट्रकचालकाच्या वाहनाखाली मूल सापडले, तर त्याला जे वाटते, ते रस्त्यावरच्या बघ्याच्या दुःखाहून निराळे असते, आणि ते तसे वाटू नये असे कोणीही म्हणणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. दोष आणि पश्चात्ताप यांची सांगड वाटते तितकी घट्ट नाही, हा त्यांचा मुद्दा पुढे अनुभवजन्य संशोधनानेही पुष्ट झाला.

प्रायोगिक संशोधन : या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासास डॅनिएल कानेमान (१९३४–२०२४) व एमॉस ट्व्हर्स्की (१९३७–९६) या मानसशास्त्रज्ञांच्या १९८२ मधील लेखनापासून चालना मिळाली. त्यांनी लोकांपुढे छोट्या कथा ठेवून प्रश्न विचारले. एका कथेत दोन प्रवासी एकाच मोटारीतून विमानतळाकडे निघतात, रहदारीत अडकतात आणि आपापल्या विमानाच्या ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने पोहोचतात. एकाचे विमान वेळेवर गेलेले असते. दुसऱ्याचे उशिरा सुटून पाच मिनिटांपूर्वीच गेलेले असते. दोघांचे नुकसान अगदी सारखे. तरीही दुसऱ्याला अधिक त्रास होईल, असे ९६ टक्के लोकांनी सांगितले. त्याच्या बाबतीत विमान मिळाल्याची कल्पना करणे सोपे जाते, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या एका कथेत एक गृहस्थ कचेरीतून घरी जाताना अपघातात मरण पावतो. काहींना दिलेल्या कथेत तो नेहमीच्या वेळी पण वेगळ्या रस्त्याने गेलेला होता. इतरांना दिलेल्या कथेत नेहमीच्याच रस्त्याने पण लवकर निघालेला होता. ‘अमुक झाले असते तर’ हे वाक्य पूर्ण करताना लोकांनी जी गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी होती, तीच बहुधा मनातल्या मनात बदलली. धडक देणाऱ्या वाहनाच्या चालकाचे वर्तन बदलण्याकडे त्यांचा कल कमी होता.

कानेमान व डेल मिलर यांनी १९८६ मध्ये या निरीक्षणांना सैद्धांतिक रूप दिले. त्यांच्या मते प्रत्येक घटना तिच्याशी जुळणाऱ्या सर्वसामान्य अनुभवांची आठवण जागी करते आणि त्यांच्याशी तिची तुलना होते. नेहमीच्यापेक्षा वेगळे काही घडून विपरीत झाले, की नेहमीचा क्रम हाच सहज सुचणारा पर्याय ठरतो आणि भावना तीव्र होते. म्हणजे मनाची कल्पनाशक्ती मोकाट नसते. ती कथानकात लहानात लहान बदल करून ते सरळ करू पाहते. पराभवांच्या लोकप्रिय चर्चांतही हाच नियम दिसून येतो. पानिपतच्या तिसऱ्या युद्धाविषयी (१४ जानेवारी १७६१) मराठी माणूस जेव्हा ‘जर-तर’ करतो, तेव्हा विश्वासरावांना लागलेली एक गोळी त्याच्या मनात चटकन वळते. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेचा आधारही ती चुकलेली गोळीच आहे. छावणीतील उपासमार आणि तोडली गेलेली रसद ही कारणे कितीतरी मोठी. पण ती मनातल्या मनात दुरुस्त करायची तर अनेक महिन्यांचा इतिहास बदलावा लागतो, म्हणून कल्पना तिकडे सहसा वळत नाही. एखादी गोष्ट कल्पनेत बदलण्यास सोपी आहे, यावरून ती खरे कारण होती असे सिद्ध होत नाही.

घडलेल्याची तुलना अधिक चांगल्या पर्यायाशी होते की अधिक वाईट पर्यायाशी, यावर समाधान अवलंबून असते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिक सामन्यांतील खेळाडूंच्या चित्रफितींवरून व्हिक्टोरिया मेडव्हेक, स्कॉट मेडी व टॉमस गिलोव्हिच यांनी १९९५ मध्ये दाखविले, की रौप्यपदक मिळविणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळविणारे अधिक आनंदी दिसतात. दहा गुणांच्या मोजपट्टीवर स्पर्धा संपताक्षणी कांस्यपदकविजेत्यांना सरासरी ७·१, तर रौप्यपदकविजेत्यांना ४·८ गुण मिळाले. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला सुवर्णपदक हुकल्याचे दिसते आणि तिसऱ्याला रिकाम्या हाताने परतण्याचे संकट टळल्याचे दिसते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. यावर नंतर आक्षेप घेण्यात आले. खेळाडूची पूर्वअपेक्षा काय होती हेही महत्त्वाचे असते, असे २००५ मधील एका अभ्यासात आढळले. शिवाय कुस्ती वा ज्यूदोसारख्या खेळांत कांस्यपदक शेवटची लढत जिंकून आणि रौप्यपदक ती हरून मिळते, ही गोष्टही दुर्लक्षिता येत नाही. भारतीय वाचकाला या संदर्भात चौथा क्रमांक अधिक परिचयाचा आहे. रोम येथे १९६० साली मिल्खासिंग ४०० मीटरच्या शर्यतीत चौथे आले. लॉस अँजेल्स येथे १९८४ साली पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील कांस्यपदक सेकंदाच्या एक शतांश भागाने हुकले (५५·४२ विरुद्ध ५५·४१ सेकंद). त्याच शर्यतीत त्यांच्यामागे असलेल्या खेळाडूंची नावे आज कोणास आठवत नाहीत.

मात्र ‘थोडक्यात हुकले’ याचे दुःख होईल असे जेवढे लोकांना आधी वाटते, तेवढे ते प्रत्यक्षात होतेच असे नाही. अमेरिकेतील भुयारी रेल्वेच्या प्रवाशांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, गाडी एका मिनिटाने चुकली काय आणि पाच मिनिटांनी चुकली काय, प्रवाशांच्या पश्चात्तापात फारसा फरक आढळला नाही. फरक पडेल असे भाकीत मात्र इतरांनी केले होते. स्वतःला दोष न देण्याची माणसाची क्षमता त्याच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा मोठी असते. काल्पनिक कथांवर आधारलेले निष्कर्ष वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

कृती आणि अकृती : कानेमान व ट्व्हर्स्की यांच्या आणखी एका कथेत दोन गुंतवणूकदार येतात. पहिला आपले समभाग बदलण्याचा विचार करतो, पण बदलत नाही, दुसरा बदलतो. निराळा निर्णय घेतला असता तर आपल्याला १,२०० डॉलर अधिक मिळाले असते, असे दोघांनाही कळते. दुसऱ्याला अधिक पश्चात्ताप होईल, असे ९२ टक्के लोकांनी म्हटले. काही न करणे हा नेहमीचा क्रम समजला जात असल्याने कृती सहज डोळ्यांवर येते. याचे व्यावहारिक परिणाम गंभीर असू शकतात. लशीमुळे होणाऱ्या इजेचा धोका रोगाच्या धोक्यापेक्षा कमी असूनही काही पालक मुलाला लस टोचून घेण्यास कचरतात, याचे एक कारण इलाना रिटोव्ह व जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये याच प्रवृत्तीत शोधले: आपल्या हातून झालेली इजा ही आपण होऊ दिलेल्या इजेपेक्षा अधिक बोचते. परंतु ज्या परिस्थितीत काहीतरी करणे हाच शिरस्ता असतो, तेथे हा नियम उलटा होतो. फुटबॉलमधील २८६ पेनल्टी फटक्यांच्या इझ्राएली अभ्यासात (२००७) गोलरक्षक जवळजवळ नेहमी डावीकडे किंवा उजवीकडे झेपावताना आढळले. जागेवर उभे राहणे अधिक फायद्याचे होते, तरीही ते तसे क्वचितच करीत. झेपावूनही गोल झाला तर प्रयत्न केल्याचे समाधान उरते. उभे राहून झाला तर लोक काय म्हणतील?

आयुष्याकडे मागे वळून पाहताना चित्र बदलते. गिलोव्हिच व मेडव्हेक यांनी १९९४ व १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार, नजीकच्या भूतकाळाबद्दल विचारले असता लोक केलेल्या चुकांचा उल्लेख करतात. संपूर्ण आयुष्याबद्दल विचारले असता न केलेल्या गोष्टी सांगतात: अर्धवट सोडलेले शिक्षण, न बोललेले प्रेम, म्हाताऱ्या आईवडिलांना न दिलेला वेळ. लुइस टर्मन (१८७७–१९५६) यांनी लहानपणी निवडलेल्या बुद्धिमान मुलामुलींनी वार्धक्यात दिलेल्या उत्तरांतही हेच आढळले. पुढे चीन, जपान व रशिया येथील लोकांतही हा कल दिसला. त्याची कारणे अनेक आहेत. केलेल्या चुकीची दुरुस्ती सुरू होते. माणूस माफी मागतो, नोकरी बदलतो, नुकसानीतूनही काही शिकलो असे म्हणतो. याउलट ज्या अडचणीमुळे आपण त्या वेळी मागे सरलो, ती वर्षे लोटल्यावर क्षुल्लक वाटू लागते. शिवाय केलेल्या कृतीचे परिणाम ठरून गेलेले असतात. न केलेल्या कृतीची संभाव्य फळे कल्पनेत वाढतच राहतात. कानेमान यांनी या निष्कर्षाला हरकत घेतली. केलेल्या कृतीची वेदना तप्त असते, तर राहून गेलेल्याची हुरहुर सौम्य, काहीशी गोडही असते. त्यांची बेरीज एका मोजपट्टीवर करणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांनी मिळून संशोधन केले व १९९८ मध्ये संयुक्त लेख लिहिला, ही मानसशास्त्रातील वादांत विरळा घडणारी गोष्ट होय. राहून गेलेल्या गोष्टींत हुरहुर असते तशी घोर निराशाही असते, हे त्यात मान्य करण्यात आले.

लोकांना सर्वाधिक पश्चात्ताप कशाचा होतो, याच्या याद्याही करण्यात आल्या आहेत. अमेरिकेतील पाहण्यांच्या २००५ मधील एका संकलनात शिक्षण अग्रस्थानी होते. २०११ मध्ये त्याच देशातील प्रातिनिधिक नमुन्यावरून प्रेमसंबंध अग्रस्थानी आले. असे निष्कर्ष इतर समाजांना जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल. पश्चात्तापाला निवड लागते. ज्या मुलीची शाळा घरच्यांनी सोडविली, तिला पुढे जे वाटते ते पश्चात्ताप नसून तक्रार असते. आणि ज्याने ती सोडविली त्या वडिलांचा पश्चात्ताप कोणत्याही प्रश्नावलीत ‘शिक्षण’ या सदराखाली मोजला जात नाही.

निर्णयशास्त्रातील उपयोग : होऊ घातलेल्या पश्चात्तापाचा आधीच अंदाज घेऊन माणूस निर्णय करतो, ही कल्पना लेनर्ड सॅव्हेज (१९१७–७१) यांच्या १९५१ मधील लेखनात गणिती रूपात आढळते. समजा, चांगला पाऊस झाल्यास कपाशीपासून १०० व ज्वारीपासून ६० एकके लाभ होतो आणि कमी पाऊस झाल्यास अनुक्रमे १० व ४० एकके. वाईटात वाईट फळ पाहणारा शेतकरी ज्वारी पेरील, कारण तिच्यात किमान ४० एकके हाती लागतात. पश्चात्ताप पाहणारा वेगळा हिशेब करील: ज्वारी पेरून पाऊस चांगला झाला तर ४० एकके हुकली, कपाशी पेरून पाऊस कमी झाला तर ३० एकके हुकली, सबब कपाशी बरी. १९८२ साली डेव्हिड बेल यांनी आणि स्वतंत्रपणे ग्रॅहॅम लूम्स व रॉबर्ट सग्डेन यांनी पश्चात्तापावर आधारलेले निर्णयसिद्धांत मांडले. नेदर्लंड्समधील टपाल-क्रमांकांवर चालणारी सोडत हे याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे घराच्या पत्त्याचा क्रमांकच सोडतीत असतो. त्यामुळे तिकीट न घेणाऱ्यालाही, शेजारी बक्षीस घेऊन गेले की, आपले काय हुकले ते नेमके कळते. या संभाव्य पश्चात्तापाचा तिकीट घेण्याच्या निर्णयावर प्रभाव पडतो, असे २००४ मधील अभ्यासात दिसून आले. भीतीचा असा व्यापारी उपयोग कितपत उचित, हा प्रश्न संशोधकांनी फारसा उपस्थित केलेला नाही.

विकास, मेंदू व भाषा : पाच वर्षांच्या मुलाला निवडीचे फळ आवडले किंवा नाही एवढेच कळते, दुसरी पेटी उघडली असती तर अधिक मिळाले असते, या तुलनेचे दुःख साधारणपणे सहा-सात वर्षांच्या सुमारास दिसू लागते. नेत्रकोटरांच्या वरच्या बाजूस असलेल्या अग्रमस्तिष्काच्या भागास इजा झालेल्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेले व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग महत्त्वाचे आहेत. जुगारासारख्या खेळात पैसे मिळाल्याचा आनंद व गेल्याचे दुःख त्यांना होई. परंतु न निवडलेल्या चक्रावर काय आले असते हे दाखविल्यावर निरोगी व्यक्तींच्या भावना जशा बदलत, तशा त्यांच्या बदलत नसत. अनुभवातून पुढची निवड सुधारण्यातही ते मागे पडत. भाषेच्या बाबतीत, मराठीत ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ यासारख्या संकेतार्थी वाक्यातील क्रियारूपेच पाऊस पडला नसल्याचे सांगतात. चिनी भाषेत अशी रूपे नसल्याने ती बोलणाऱ्यांना प्रतितथ्य विचार अवघड जातो, असा दावा ॲल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये केला होता. टेरी औ यांनी १९८३ मध्ये, कथा सुबोध चिनीत लिहिल्यास ही अडचण नाहीशी होते, असे दाखवून तो खोडून काढला.

उपयुक्तता व उपद्रव : चुकलेल्या पर्यायाची कल्पना पुढील वेळी काय करावे हे सुचविते, नापास झालेल्या विद्यार्थ्याने ‘आधीपासून अभ्यास केला असता तर’ असे म्हणणे ही सुधारणेची पहिली पायरी असू शकते. परंतु ही उपयुक्तता पुढची वेळ येणार असेल तरच संभवते. ती येणार नसते, तेव्हाही मन तोच व्यापार चालू ठेवते. मोटार-अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या आणि पाळण्यात अचानक दगावलेल्या तान्ह्या बालकांच्या पालकांचा जो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले, की घटनेनंतर बराच काळ उलटला तरी अनेकजण ती मनातल्या मनात टाळण्याचा प्रयत्न करीत होते, आणि जे अधिक वेळा तसे करीत ते अधिक व्यथित होते. आपण दोषी नाही हे ज्यांना पुरते ठाऊक होते, तेही दुसऱ्या वाहनचालकाचे नव्हे, तर आपलेच किंवा गेलेल्या माणसाचे वर्तन बदलून पाहत. कोणत्या गोष्टीमुळे घडले आणि कोणत्या गोष्टीने टळले असते, हे दोन प्रश्न मनात वेगवेगळे सोडविले जातात. म्हणूनच समाचाराला आलेल्यांनी ‘तुझी काही चूक नाही’ असे कितीही सांगितले, तरी ते सांत्वन अपुरे पडते: त्या आईला आपली चूक आहे असे वाटतच नसते, तिला त्या रात्री एकदा उठून पाळण्यापाशी जायचे असते.